गैरहजर मत

१

इसाका फुमिए मेली होती आणि तिची खोली थंडगार होती. डॉक्टर शिओबारा गुडघ्यावरून उठले, हातमोजे काढले आणि म्हणाले, "तामाकी-सान, ही बाई उकाड्याने गेली आहे."

ऑगस्टमधला सोमवार. बाहेर रस्त्यावरचं डांबर बुटाला चिकटत होतं. आत मात्र भिंतीतला एसी सुरू होता आणि मला जाकीट चढवावंसं वाटत होतं.

"हृदय बंद पडलं असेल," मी म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई."

"हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. कशामुळे ते मी सांगतोय. अंगात पाणी उरलेलं नाही, जीभ चामड्यासारखी झाली आहे. काल दुपारी कधीतरी, तासन्‌तास भाजून निघाली आहे. हे हात बघा."

दोन्ही हातांच्या कडा काळ्यानिळ्या पडल्या होत्या. दोन नखं मुळापासून तुटली होती. उरलेल्या नखांत पांढरा भुगा होता.

हामाझाकी कॅप्सूल इमारत १९७१ सालची. दोन काँक्रीटचे खांब आणि त्यांना चहूबाजूंनी लटकवलेले पोलादी डबे. प्रत्येक डब्याला एकच भलीमोठी गोल खिडकी, न उघडणारी. एक डबा म्हणजे एक घर. डबा जुना झाला की बोल्ट काढून नवा बसवायचा, असा तेव्हाचा बेत होता. एकही डबा कधी बदलला नाही. नळ गंजले, मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणा बंद पडली, छतं गळू लागली. जे राहिले त्यांनी भिंतींना भोकं पाडून स्वतःचे एसी बसवले.

इसाका बाई इथे चाळीस वर्षं राहिली. भिंती तिच्या सिगरेटच्या धुराने चहासारख्या तपकिरी झाल्या होत्या. डब्यात मूळचं सगळं शाबूत होतं: घडीचं मेज, भिंतीतला टेपरेकॉर्डर, तबकडीचा लाल फोन. ती पलंगावर उताणी होती, डोकं खिडकीखाली, हात छातीवर. अंगावर कपडे नेहमीचेच. दार नुसतं लोटलेलं होतं.

आदल्या दिवशी, रविवारी, खालच्या सभागृहात मालकांची सभा झाली होती. इमारत पाडायची की ठेवायची, त्यावर मतदान. पाडायचा ठराव एका मताने पडला. इसाका बाई सभेला आलीच नव्हती.

"मग कोणीतरी हिचा एसी बंद केला," माझा सहकारी कोदामा म्हणाला. "विजेचे खटके सगळे बाहेर, जिन्यालगतच्या खोलीत आहेत. आणि त्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असते."

२

तो माणूस म्हणजे सोसायटीचा अध्यक्ष कुसाका. साठीचा, जाड मानेचा, हातात कायम पंखा. त्याच्याकडे सात डबे होते, सगळे रिकामे. जागा बिल्डरला जावी म्हणून सहा वर्षं धडपडत होता.

"मेली ते वाईट झालं," तो म्हणाला. "पण मी रडावं अशी अपेक्षा असेल तर जमणार नाही. त्या म्हातारीने माझ्या तोंडावर वाडगा फेकला होता. आतल्या रश्शासकट."

"का?"

"गरम पाणी बंद केलं म्हणून. बॉयलर फुटला होता, दुरुस्त करायला पैसे कुणी द्यायचे? मी म्हटलं, आजी, सार्वजनिक न्हाणीघरात जा, दोन माणसं भेटतील, मन रमेल."

"तिची वीजही तोडायचात."

पंखा थांबला. "दोनदा. गेल्या उन्हाळ्यात. अर्धा-अर्धा तास. नुसती जाणीव करून द्यायला."

"कसली जाणीव?"

"की ती म्हातारी झाली आहे." त्याने खांदे उडवले. "पण काल मी सकाळी दहापासून खाली सभागृहात होतो. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. विचारा."

"खटका दहाच्या आधीही पाडता येतो. आणि संध्याकाळी वर करता येतो."

"येतो," कुसाका म्हणाला, "पण मग ती दार उघडून बाहेर नसती आली? खाली येऊन मला शिव्या नसत्या घातल्या? ती घाबरणारी बाई नव्हती, तामाकी-सान. तेवढं तिचं कौतुक करतो."

मी पुन्हा वर गेले आणि तिचा छोटा फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात बर्फाचा ट्रे होता. घरात पाडलेले, चौकोनी, कडा धारदार असलेले खडे. शेजारी काडीचं आइस्क्रीम, आकारात जराही फरक नाही. वीज काही तास गेली असती, तर त्या खड्यांचा एकच गठ्ठा झाला असता आणि आइस्क्रीम काडीवरून ओघळून पुन्हा गोठलं असतं.

कोदामाने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"म्हणजे वीज गेलीच नव्हती," तो म्हणाला.

"आणि एसीही चालू होता. खोली काल दिवसभर अशीच थंड होती." मी फ्रिजचं दार लावलं. "ती इथे मेलीच नाही."

३

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उन्नो सेइइची यांना भेटले. त्यांना सगळे आदराने सेन्सेई, म्हणजे मास्तर, म्हणत. इमारत बांधली गेली तेव्हा ते आर्किटेक्टच्या हाताखाली नुकतेच लागले होते. आता सहासष्ट वर्षांचे, पांढरे केस, तागाचा सदरा, आवाज मऊ. इमारत वाचवणाऱ्या समितीचे प्रमुख तेच.

त्यांचा डबा इसाका बाईच्या डब्यापासून अर्धा जिना वर, पश्चिमेच्या बाजूला. त्यांनी तो पहिल्या दिवशी होता तसा करून घेतला होता. सगळीकडून शोधून आणलेले मूळ दिवे, मूळ गालिचा, मूळ रेडिओ. भिंती दुधासारख्या पांढऱ्या. एसीचं भोक पोलादी पत्र्याने बुजवलेलं. परदेशातल्या एका संग्रहालयाचे लोक पुढच्या महिन्यात तो बघायला येणार होते.

"दाराला हात लावू नका," ते म्हणाले. "रंगाचा शेवटचा हात कालच दिलाय. ओलं आहे अजून."

मी हात मागे घेतला. गोल खिडकीतून पश्चिमेचं ऊन आत ओतलं जात होतं. दार उघडं असूनही दोन मिनिटांत माझी पाठ भिजली.

"इथे राहता कसे?"

"राहत नाही. राहण्यासाठी माझा कामाकुराला फ्लॅट आहे." ते हसले. "लोक या वास्तूत चुकीचे राहिले, तामाकी-सान. भोकं पाडली, वाळत घातलं, कुंड्या ठेवल्या. आमच्या गुरुजींनी इथे प्रत्येक गोष्टीची जागा ठरवली होती. हा वाचायचा दिवा बघा. झोपताना डोकं खिडकीकडे, दिवा उशाशी. माणसाने नुसतं आत येऊन तसं वागायचं, बस."

"आणि इसाका बाई?"

"तिने भिंतीला भोक पाडलं, सिगरेटी ओढल्या. पण वस्तू जपल्या. दर रविवारी सकाळी मी तिच्याकडे चहाला जायचो. गादी गुंडाळून ठेवलेली असायची, मेज उघडलेलं असायचं. शिस्तीची बाई."

"परवा रविवारी गेला होतात?"

"सभेची गडबड होती. नाही जमलं." त्यांनी रुमालाने कपाळ टिपलं. "ती आली असती तर आमच्या बाजूला एक मत वाढलं असतं. थोडक्यात वाचलो. तुम्ही कुसाकाला विचारलंत का, तिला सभेपासून लांब ठेवण्यात कुणाचा फायदा होता?"

प्रश्न साधा होता. जिना उतरताना मी त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न केला, आणि अर्ध्या पायऱ्यांवर थांबले. उत्तर जुळत नव्हतं.

४

इसाका बाईची भाची रित्सुको सायतामाहून आली होती. ती तिथल्या एका सुपरमार्केटमध्ये मासे कापायच्या टेबलावर काम करायची. रविवारी दिवसभर कामावर होती, हे कोदामाने तपासलं होतं. आत्याचा डबा आता तिचा.

"तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं," ती म्हणाली. खोलीच्या उंबऱ्यातच उभी होती, आत येत नव्हती. "मी म्हटलं होतं, आत्या, विकून टाक, मरशील या पिंपात. ती म्हणाली, तू माझ्या मरणाची वाट बघतेस. खरं सांगायचं तर बघतच होते. माझ्या घराचे हप्ते आहेत."

"आता कसं वाटतंय?"

"विचारू नका."

तिची नजर पलंगावर गेली. प्रेत नेलं होतं, पण त्याची बाह्यरेखा आमच्या लोकांनी चिकटपट्टीने आखून ठेवली होती.

"हे उलटं आहे," रित्सुको म्हणाली.

"काय उलटं?"

"डोकं. खिडकी उत्तरेला आहे ना? आत्या मेली असती तरी उत्तरेकडे डोकं करून झोपली नसती. तसं फक्त प्रेत ठेवतात. लहानपणी मी इथे राहायला यायचे. मी खिडकीकडे डोकं केलं की ती पाय धरून मला फिरवायची. तिची उशी कायम दाराकडे. दिव्याचा उजेड पायांवर पडायचा, आम्ही हसायचो."

मी खाली वाकून गादी पाहिली. दाराकडच्या टोकाला डोक्याचा खळगा होता, वर्षानुवर्षांचा. खिडकीकडच्या टोकाला पावलांच्या टाचांनी कापड झिजलं होतं. म्हणजे तिला कुणीतरी निजवलं होतं, आणि ज्याने निजवलं त्याला ती रात्री कशी झोपते हे ठाऊक नव्हतं.

कोदामाने कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात हिवाळ्याचे कपडे दोरीने बांधलेले. चहाचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळलेले. भिंतीवर फ्रेमच्या जागा तेवढ्या फिकट उरलेल्या, फ्रेम नाहीत.

"कुठे निघाली होती ही?" मी विचारलं.

"मला काय सांगणार ती," रित्सुको म्हणाली.

तेवढ्यात भिंतीतला लाल फोन वाजला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. मग मी उचलला.

"इसाका-सान?" एका तरुण बाईचा आवाज. "चोशीहून बोलतेय, वृद्धाश्रमातून. तुम्ही कालच येणार होतात ना? खोली तयार आहे. समुद्राकडची मागितली होतीत, तीच ठेवली आहे."

५

सेन्सेईंना मी त्यांच्याच डब्यात भेटायला बोलावलं. दुपारी तीन वाजता. कोदामाला जिन्यात उभं केलं. ते आत आल्यावर मी दार ओढून घेतलं.

"गरम होईल," ते म्हणाले.

"होऊ दे. फार वेळ नाही लागणार."

मी मूळ गालिच्यावर मांडी घातली. पिशवीतून जवाच्या गार चहाची बाटली काढली, प्यायले आणि बाजूला ठेवली. त्यांना विचारलं नाही.

"तुमचा कालचा प्रश्न," मी म्हणाले. "तिला सभेपासून लांब ठेवण्यात कुणाचा फायदा. मला आधी वाटलं, कुसाकाचा. सगळ्यांना वाटलं. ती त्याची वैरीण, ती आली असती तर विरोधात मत दिलं असतं. पण इमारत पाडायला एकूण मालकांच्या पाचातले चार जण बाजूने लागतात. जो आला नाही, तो बाजूने नाही. म्हणजे विरोधात हात वर करणारी बाई आणि घरी बसलेली बाई, दोघींची किंमत एकच. विरोध करणाऱ्या बाईला कोंडून कुसाकाला काय मिळणार? काहीच नाही."

सेन्सेईंच्या सदऱ्याला काखेत ओल आली होती.

"ती न येण्याने फरक एकाच बाबतीत पडतो. ती पाडायच्या बाजूने मत देणार असेल तर. आणि ती देणार होती. चोशीला समुद्राकडची खोली घेतली होती, पेले बांधले होते. न येता मत द्यायचं तर मताचा कागद कुसाकाच्या हातात द्यावा लागतो; तो द्यायचा नाही म्हणून स्वतः खाली जाणार होती. हे तिने कुणाला सांगितलं असेल? भाचीशी बोलणं नाही. कुसाकाला सांगितलं असतं तर त्याने सोमवारीच आम्हाला ओरडून सांगितलं असतं, कारण त्याने तो निर्दोष ठरतो. दर रविवारी चहाला एकच माणूस यायचा."

"हे तर्क झाले," ते म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "दार जरा उघडता का?"

"तिच्या नखांत पांढरा रंग होता, ताजा. तिच्या भिंती तपकिरी आहेत. रिकाम्या डब्यांत बुरशी आणि गंज, तिच्या कपड्यांवर त्यातलं काही नाही. अख्ख्या इमारतीत पांढरी भिंत एकच. बाहेरून लावायचं कुलूपही याच एका डब्याला, मूळ वस्तू चोरीला जाऊ नयेत म्हणून. आणि तिला निजवताना तुम्ही डोकं दिव्याखाली ठेवलंत. गुरुजींनी ठरवलं होतं तिथे. तुम्ही तिला फक्त दिवसा पाहिलं होतं, गादी गुंडाळलेली असताना. एसी ती चालू ठेवून आली होती, पाच मिनिटांत परत जायचं म्हणून. तुम्हाला वाटलं, गार खोलीत म्हातारी मेली म्हणजे हृदयच."

ते दाराकडे बघत होते. मीही वळून पाहिलं.

"सोमवारी सकाळी ती सापडली," मी म्हणाले. "चहाची मैत्रीण. आणि सोमवारीच तुम्ही या दाराला आतून रंग दिलात. वरचा थर आम्ही आज खरवडणार आहोत."

"नका," सेन्सेई चटकन म्हणाले. घाम त्यांच्या भुवईवरून डोळ्यात उतरला, त्यांनी पुसला नाही.

"मी तिला टेप ऐकायला बोलावलं," ते म्हणाले. "माझा मूळ टेपरेकॉर्डर दुरुस्त होऊन आला होता. म्हटलं, जाता जाता एकदा ऐकून जा. ती आत बसली, मी बाहेर आलो आणि कुलूप लावलं. मतदान झालं की उघडणार होतो. तिला मारायचं नव्हतं. एक दुपार, बस. ती मला काय म्हणाली होती माहीत आहे? उन्नो-सान, हा डबा आहे, मी त्यात चाळीस वर्षं डब्यासारखी राहिले, आता फोडू दे त्यांना. चाळीस वर्षं राहून तिला एवढंच कळलं होतं."

"मध्ये वर आला होतात."

त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं.

"सभेला चहाची सुट्टी झाली," मी म्हणाले. "तुम्ही तेवढ्या वेळात सभागृहात नव्हता, तीन जणांनी सांगितलं. लघवीला गेलो म्हणालात. सहासष्टाव्या वर्षी या जिन्यांनी वर आलात. कशाला?"

"बघायला."

"काय बघितलंत?"

"उघडलं नाही. बाहेरून ऐकलं." त्यांनी ओठ चाटले. "ती दारावर मारत होती. जोरात नाही. मी आलोय हे तिला पावलांवरून कळलं. म्हणाली, उन्नो-सान, मी मत नाही देणार. खाली जाणारच नाही. पाणी द्या."

मी बाटलीकडे पाहिलं. तेही पाहत होते.

"मग उघडलं का नाही?"

"मतदानाला अजून वेळ होता," सेन्सेई म्हणाले. "आणि ती शब्द पाळेल याची खात्री नव्हती."

"पुन्हा कधी आलात?"

"समितीचे लोक आनंदात होते. मला सोडत नव्हते. कुणीतरी बीअर मागवली." ते म्हणाले. "पाच-सहा वाजले असतील. ती दाराला टेकून बसलेली होती. उघडलं तर बाहेरच पडली माझ्यावर. अगदी हलकी होती."

मी उठून दार उघडलं. जिन्यातली हवाही गरमच होती, पण सेन्सेईंनी ती तोंड उघडून घेतली. कोदामाने त्यांचा दंड धरला. पहिल्या वळणावर ते थांबले आणि मागे वळून मला म्हणाले, "खरवडताना तुमच्या माणसांना सांगा, कडेने सुरुवात करा. मधोमध मूळचा रंग आहे खाली. एकाहत्तरचा."

६

दाराच्या आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीपासून जमिनीपर्यंत, नखांचे ओरखडे निघाले. सर्वात खालचे सर्वात उथळ होते. न्यायालयात त्यांचे फोटो दाखवले तेव्हा सेन्सेईंच्या वकिलाने हरकत घेतली नाही. सेन्सेईंची पत्नी रोज येऊन मागच्या बाकावर बसायची आणि फोटो आले की हातपिशवीत काहीतरी शोधायची.

संग्रहालयाने नकार कळवला. समिती मोडली. वसंतात पुन्हा सभा भरली आणि ठराव सहज पास झाला. समितीतल्या बहुतेकांनी हात वर केले. रित्सुकोनेही केला.

कुसाका ठाण्यात तांदळाच्या मिठाईचा खोका घेऊन आला. "म्हातारी जिवंतपणी माझ्या डोक्यावर बसली होती," तो म्हणाला, "आणि मेल्यावर मात्र कामाला आली. तुमच्या सगळ्यांसाठी आणलंय." मी खोका त्याच्या हातात परत ठेवला. त्याने तो जाताना दारातल्या शिपायाला दिला आणि शिपायाने घेतला.

पाडकाम सुरू झालं त्या सकाळी मी तिथून जात होते. रस्त्यापलीकडे रित्सुको उभी दिसली, कामाचे रबरी बूट पायातच होते. क्रेनने वरून एकेक डबा उचलून खाली ठेवायला सुरुवात केली होती आणि खाली यंत्राचा जबडा तो चुरडून ट्रकमध्ये टाकत होता.

"हप्ते?" मी विचारलं.

"फिटले." तिने वर पाहिलं. "काल मुकादम म्हणाला, तुमच्या आत्याचा डबा कुठला ते सांगा, तो आला की थांबतो, काही हवं असेल तर काढून घ्या. मी म्हटलं सांगते. सकाळपासून बघतेय, पण बाहेरून मला ओळखूच येत नाहीये. सगळ्यांना तीच खिडकी."

"आत जाऊन आकडा बघता येईल."

"आत नाही जायचं मला."

क्रेन उत्तरेच्या बाजूला वळली आणि एका डब्याला साखळ्या लागल्या. रित्सुकोने मुकादमाला हात केला. यंत्र थांबलं. डबा खाली आला, ती जवळ गेली, गोल काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. मग परत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तोच?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याच कुणाचा."

मुकादम तिकडून बघत होता. तिने त्याला मान हलवून हो म्हटलं, आणि जबडा मिटेपर्यंत डोकं वाकवून उभी राहिली.